एकोणीस दिवसांचा फोन

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात काकाजींनी नवा फोन घेतला. आधीचा फोन एकोणिसाव्या दिवशी बंद पडला, कंपनीनं हात वर केले, आणि त्याचे हप्ते तर अजून चालूच आहेत. असं असताना त्यांनी पुन्हा त्याच कंपनीचा फोन घेतला. घरात सगळे चिडले. चुलतभाऊ दोन दिवस त्यांच्याशी धड बोलला नाही. मलाही आधी तेच वाटलं, की जिथं फसलो त्याच दारात पुन्हा कशाला जायचं? पण काकाजी काही भोळा माणूस नाही. बैल घेताना दात पाहतात, खूर पाहतात, वखराला जुंपून चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाहीत. सरकीच्या बियाण्याची पिशवी घेतली की तिचा टॅग आणि बिल हंगाम संपेपर्यंत पेटीत ठेवतात. असा माणूस फोनच्या बाबतीत असा का वागला, हे मला समजून घ्यायचं होतं. जसजसं समजत गेलं तसतसा माझा राग काकाजींवरून सरकत गेला.

झालं ते असं. आमचं गाव केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याहून आत. दिवाळीनंतर पहिल्या वेच्याचा कापूस विकला आणि काकाजींनी तालुक्याच्या दुकानातून चौदा हजारांचा फोन घेतला. पाच हजार रोख, बाकी हप्त्यांवर. गरज होतीच. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करा, स्लॉट घ्या. पेऱ्याची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर, तीही वावरात उभं राहून फोटो काढून. पीएम किसानची ई-केवायसी वेगळीच. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे स्मार्टफोन म्हणजे पोट्ट्यांचं खेळणं होतं. आता ते वखर-डवऱ्यासारखं अवजार आहे, आणि अवजार मोडलं की हंगाम अडतो. म्हणून फोनच्या बिघाडाला चैनीच्या वस्तूचं रडगाणं समजायला मी तयार नाही.

डिसेंबरात हरभऱ्याचं ओलीत चालू होतं. लाईन रात्रीची. काकाजी अकराच्या सुमाराला वावरात गेले, बंडीच्या खिशात फोन. पाण्याचे दांड वळवायचे ते फोनच्याच टॉर्चवर, मोटार थांबली तर स्टार्टर पाहायचा तोही त्याच उजेडात. त्या दिवसांत दव असं पडतं, की धुऱ्यावरच्या तुरीतून चार पावलं चाललं तरी धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. पहाटे घरी आले, फोन चार्जिंगला लावला आणि झोपले. उठले तेव्हा पडदा अर्धा पांढरा, अर्धा काळा. दुपारपर्यंत तोही विझला.

दुकानदार म्हणाला, “काकाजी, हे आता आमच्या हातात नाही. यवतमाळले सेंटरवर न्या लागते.” साठ-सत्तर किलोमीटर. वेचणीचा एक दिवस मोडला, दोघांचं एसटीचं भाडं गेलं. टोकन घेऊन दीड तास बसलो. नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलानं पिन टोचून सिमचा ट्रे काढला, खाचेत उजेड पाडला आणि फोन आमच्याकडे वळवला. आत मोहरीएवढा एक ठिपका होता. लाल.

“काका, पाणी गेलंय ह्यात.”

“पाण्यात कायले टाकीन मी? नवा फोन हाय बाप्पा.”

“हा ठिपका पांढरा असतो. पाणी लागलं की लाल होतो. लिक्विड डॅमेज वॉरंटीत बसत नाही. मदरबोर्ड बदलावा लागेल, आठ हजार दोनशे.”

काकाजींनी फोन डोळ्यांजवळ नेऊन तो ठिपका बराच वेळ पाहिला. मग मला विचारलं, “इथं दुसरं कोणी पाहणारं नाही काय?” दुसरं कोणी नव्हतं. फोन परत घेताना ज्या कागदावर सही करायची होती त्यावर इंग्रजीत छापलं होतं, ‘कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज’. म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान. सही केल्याशिवाय फोन मिळत नव्हता, म्हणून काकाजींनी न वाचता सही केली. मी शेजारीच उभा होतो, मला ते वाचता येत होतं, आणि मी त्यांचा हात धरला नाही. हे मला अजून लागतं.

तो ठिपका काय सांगतो? एवढंच, की तिथं कधीतरी ओल पोचली. ती केव्हा पोचली, किती पोचली, हे तो सांगत नाही. फोन त्या ओलीमुळेच बंद पडला का, हे तर मुळीच सांगत नाही. कदाचित मदरबोर्डवरचा एखादा जोड कारखान्यातूनच कच्चा आला असेल. कदाचित ट्रेभोवतीचं रबर नीट बसलं नसेल, आणि तसं असेल तर ओल आत शिरणं हाच मूळ दोष ठरतो. हे शोधायचं तर फोन उघडावा लागतो, बोर्ड भिंगाखाली धरावा लागतो. आमच्यासमोर दोन मिनिटांत निकाल लागला. आणि निकाल देणारं सेंटर कुणाचं? ज्या कंपनीनं फोन बनवला, आणि दोष निघाला तर जिच्या खिशातून खर्च जाणार, तिनंच नेमलेलं.

बैलबाजारात असं होत नाही. बैल बसका निघाला तर विकणाराच पंच होऊन “तुम्हीच त्याला नीट चारा घातला नाही” असं म्हणून मोकळा होऊ शकत नाही. चार माणसं बोलावली जातात, बैल वखराला जुंपला जातो, सगळ्यांसमोर पाहिलं जातं. चौदा हजारांच्या फोनला एवढंही मिळू नये?

पाण्याचीच गोष्ट घ्या. जाहिरातीत फोनवर पाण्याचे फवारे उडतात, पोहण्याच्या तलावात पोरं फोन घेऊन उतरतात, आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरांत पाण्यामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. ही तक्रार फक्त आमच्या वावरातली नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयानं २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, कारण समुद्रात आणि तलावात फोन वापरता येतो असं जाहिरातीतून सुचवलं होतं. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोचा दंड लावला. तिथं आक्षेप असाच होता, की पाण्यापासून सुरक्षित म्हणून फोन विकायचा आणि पाणी लागलं की वॉरंटी नाकारायची. काकाजींचा फोन त्या महागड्या जातीतला नव्हता, त्याच्या जाहिरातीत तलावही नव्हता. पण रात्री ओलीत करणाऱ्या माणसाच्या खिशात हा फोन जाणार, हे तालुक्याच्या बाजारात तो विकायला ठेवणाऱ्या कंपनीला माहीत नसतं असं मी मानत नाही.

उन्हाचंही तेच. ॲपल स्वतः सांगतं, की आयफोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरावा. सॅमसंगचंही सांगणं तेच. आमच्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला इथं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि आठ-आठ दिवस उतरत नाही. मार्चच्या शेवटापासून जूनच्या पावसापर्यंत आमची एखादीच दुपार ३५ च्या आत असते. लिथियमच्या बॅटरीला ही उष्णता सोसत नाही. आतलं रसायन विघटन पावतं, वायू धरतो, बॅटरी फुगते आणि फोनचं मागचं झाकण उचललं जातं. तालुक्याच्या रिपेअरिंगच्या दुकानात जून महिन्यात जाऊन पाहा, फुगलेल्या बॅटऱ्या काउंटरखालच्या डब्यात साठलेल्या असतात. वर्षातले तीन महिने ज्या हवेत वस्तू चालू नये असं बनवणाराच सांगतो, ती वस्तू त्याच हवेत विकताना पाकिटावर ठळक मराठीत तसं लिहायला नको? आणि ती बिघडली तर “उन्हात ठेवला असेल” असं आम्हालाच ऐकवायचं?

सेंटरवर दुसरं एक उत्तर तयार असतं, “तुमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं.” होतं, खरं आहे. पंप चालू झाले की गावातले बल्ब मिणमिणतात. पण कुठलाही चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचा, बहुतेकांवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे दाब दोनशेच्या खाली आला तरी चार्जरनं काम करायला हवं, तसं कंपनीनंच त्यावर छापलं आहे. दाब एकदम वर उसळला तर गोष्ट वेगळी. पण तो उसळला होता का, हे तपासून कोण सांगतं?

आता काकाजींच्या दुसऱ्या फोनकडे येतो. राग ओसरल्यावर एका संध्याकाळी मी त्यांना सरळ विचारलं, “पुन्हा तोच काऊन घेतला?” त्यांनी बिडी विझवली आणि हिशेब सांगितल्यासारखं सांगितलं. दुसऱ्या कंपनीचा घेतला असता तर तिचं सेंटर कुठं आहे? नागपूरले. यवतमाळ परवडलं, नागपूरले जायचं म्हणजे मुक्कामाचं काम. पांढरकवड्याच्या रिपेअरिंगवाल्याकडे दोन-तीन कंपन्यांचेच पडदे आणि बॅटऱ्या असतात, त्यात ही कंपनी आहे. नातवानं ह्याच फोनची बटणं शिकवली, नवीन कोण शिकवणार? दुकानदार अडीअडचणीला चार पैसे थांबतो, आणि त्याच्याकडे हाच माल असतो. शेवटी म्हणाले, “सगळ्याच कंपन्या सारख्या, बाबू. निदान हिचा दरवाजा तं माहीत हाय.”

बाजाराच्या भाषेत ह्याला ब्रँडनिष्ठा म्हणतात. कंपनीच्या कागदावर काकाजी आता ‘परत आलेले समाधानी ग्राहक’ असतील. प्रत्यक्षात त्यांच्यापुढे जी दारं होती त्यातलं सगळ्यात जवळचं त्यांनी निवडलं. खेड्यातली निष्ठा बरीचशी अशीच असते. ती सेंटरच्या अंतरावर टिकते, सुट्या भागांवर टिकते, उधारीवर टिकते, नातवाच्या शिकवणीवर टिकते. ह्यातली एकही गोष्ट कंपनीनं चांगला माल देऊन कमावलेली नाही. अंतर आमचं, उधारी दुकानदाराची, शिकवणी नातवाची. ह्या निष्ठेचा लाभ मात्र कंपनीला होतो, आणि गिऱ्हाईक कुठं जाणार नाही हे पक्कं झालं की काउंटरवर दोन मिनिटांत निकाल देणं सोपं होतं.

खरी निष्ठाही मी पाहिली आहे, म्हणून हे बोलतो. २००३ मध्ये नोकियाचा ११०० आला. वर छोटी टॉर्च, धूळ आत जाऊ नये म्हणून रबरी बटणं. रात्रीच्या ओलितासाठी जणू आमच्याच माणसानं बनवला असावा. बंडीतून पडला, चिखलात गेला, पुसून पुन्हा चालू केला. मग २००७ मध्ये नोकियानं जाहीर केलं, की तिच्या बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या, ज्या मात्सुशिता कंपनीनं एका ठरावीक काळात बनवल्या होत्या, चार्जिंगला जास्त तापू शकतात. तेव्हा इथंही घाबरगुंडी उडाली होती. लोक बॅटरी काढून मागचा २६ अक्षर-अंकांचा नंबर वाचत होते, वाचता येत नसेल त्याला दुसरा वाचून दाखवत होता. पण दोष कुठला, कुठल्या बॅटरीत, बदलून कशी मिळेल, हे कंपनीनंच सांगितलं होतं. “तू नीट वापरली नसशील” असं गिऱ्हाइकाला कुणी म्हटलं नाही. त्यानंतरही आमच्या गावात कित्येक वर्षं फोन म्हणजे नोकियाच होता.

२०१६ च्या गॅलॅक्सी नोट ७ चीही हकीकत अशीच. बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, सॅमसंगनं सुमारे २५ लाख फोन माघारी बोलावले, बदलून दिलेलेही पेटले तेव्हा ते मॉडेलच बंद केलं, आणि जानेवारी २०१७ मध्ये दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत कुठली चूक होती ते उघड सांगितलं. ती कंपनी बुडाली नाही. दोष कबूल केला तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती मला तरी पोकळ वाटते. पहिल्यांदा विश्वास ठेवणारा माणूस दुसऱ्यांदाही ठेवतो, फक्त त्याला खोटं पाडू नका.

ह्या निष्ठेची एक बाजू मला जास्त टोचते. आमच्या गावच्या पानठेल्यावर पोट्टे कंपन्यांवरून असे भांडतात जसे एखाद्या पक्षावरून भांडावं. कुणाचा कॅमेरा भारी, कुणाचा प्रोसेसर. भांडोत, त्यांचं वय आहे. पण काकाजींचा फोन गेला तेव्हा त्यातल्याच दोघांनी काय म्हटलं? “काकाजींनी पाण्यात टाकला असन. त्या कंपनीचा फोन खराब होतच नाही.” आपल्या शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या शब्दापेक्षा, ज्यांनी आपल्याला कधी पाहिलंही नाही अशा कंपनीचा शब्द त्यांना खरा वाटला. कंपनीनं त्यांना ह्यासाठी एक रुपयाही दिला नव्हता. जाहिरातीचं यश म्हणाल तर ते हेच, आणि मला ते घातक वाटतं. पाय घसरलेल्या माणसाला गावानं हात द्यायचा असतो.

कायदा काय म्हणतो? बरंच काही म्हणतो, आणि ते आमच्यापर्यंत पोचलेलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू. त्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर ३० दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यायला हवेत. काकाजींचा फोन एकोणीस दिवसांचा होता. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे, आणि आमच्याकडे कच्च्या चिठ्ठीवर फोन विकणारी दुकानं पाहायला फार दूर जावं लागत नाही. तक्रार आता स्वतःच्या जिल्ह्यातच, राहत्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५.

एवढं असून अडतं कुठं? ‘सदोष’ ह्या शब्दापाशी. माल सदोष होता हे सिद्ध करायचं गिऱ्हाइकानं. कंपनी सेंटरचा तो कागद पुढे करते, ज्यावर काकाजींची सही आहे. प्रयोगशाळेत तपासणी हवी असेल तर तिची फी आधी तक्रारदारानं भरायची. आम्ही कंपनीकडे लेखी तक्रार केली, तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं, की तंत्रज्ञाच्या अहवालानुसार वॉरंटी लागू होत नाही. आयोगात जाऊ म्हटलं तर काकाजी म्हणाले, “एका फोनसाठी किती चकरा मारशीन? तूर काढायची हाय.” त्यांचंही चूक नव्हतं.

इथं मला बियाण्याची आठवण होते, कारण विदर्भातल्या शेतकऱ्यानं हा रस्ता आधी एकदा तुडवला आहे. बियाणं उगवलं नाही की कंपन्या म्हणायच्या, पाणी कमी पडलं, खोल पेरलं, जमीनच हलकी. आणि पुरावा मागायच्या तो बियाण्याचा नमुना. शेतकरी पिशवी फोडून सगळं पेरून टाकतो, तो नमुना कुठून आणणार? सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात हे म्हणणं मानलं नाही. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, आणि तपासणीसाठी त्यानं बियाणं मागे ठेवावं अशी अपेक्षा करता येत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. आज बियाण्याची तक्रार केली तर तालुक्याच्या समितीनं वावरात येऊन पंचनामा करायचा असतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही तेव्हा राज्यभरातून हजारो तक्रारी झाल्या त्या ह्याच वाटेनं. ती समिती नेहमी वेळेवर येते असं मी म्हणत नाही. पण निदान बियाण्याच्या कंपनीचा माणूस एकटा येऊन निकाल देत नाही.

फोनलाही तेच हवं. माझं म्हणणं एवढंच आहे, की दोष कुणाचा हे ठरवायचा हक्क विकणाऱ्याच्या हातात राहू नये, आणि पहिल्या सहा महिन्यांत फोन बिघडला तर तो मुळातच सदोष होता असं कायद्यानं गृहीत धरावं. गिऱ्हाइकानं खराब केला असं कंपनीचं म्हणणं असेल तर ते कंपनीनं सिद्ध करावं. ही काही आकाशातली मागणी नाही. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि सहा महिन्यांत दिसलेला दोष विकताना होताच असं धरून चालतात. युरोपीय संघात तर असं धरून चालायची मुदत किमान एक वर्षाची आहे. शिवाय तिथं जून २०२५ पासून स्मार्टफोनचे सुटे भाग विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं मिळालेच पाहिजेत असा नियम लागू झाला. तिथं माल विकणाऱ्या आणि इथं माल विकणाऱ्या कंपन्या बहुतेक त्याच आहेत. त्यांना जमतं. आमच्याकडे जमवायला कुणी सांगितलेलं नाही.

गिऱ्हाईकही लबाडी करतं, हे मला माहीत आहे. विहिरीत पडलेला फोन उन्हात वाळवून “आपोआप बंद पडला” म्हणणारे आमच्या गावातही आहेत. पन्नास रुपयांचा चार्जर लावून बॅटरी फुगवणारे तर घरोघरी. अशा वेळी कंपनीनं नाकारावंच. पण नाकारताना फोन उघडून, बोर्डावर गंज कुठं आहे त्याचा फोटो काढून, कारण मराठीत लिहून द्यावं. आणि माणसाला ते पटलं नाही तर तिसऱ्याकडे जायची सोय असावी. जिल्ह्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे शिक्षक असतात, भिंगं आणि मीटर असतात. बियाण्याच्या समितीसारखं त्यांना का बसवू नये? दोष निघाला तर तपासणीचा खर्च कंपनीनं द्यावा, नाही निघाला तर गिऱ्हाइकानं. ह्यानं फोन महाग होतील, असं कुणी म्हणेल. दर फोनमागे थोडे वाढतीलही. पण आज चौदा हजारांच्या फोनवर दोन हजारांच्या वर जीएसटीच जातो. तो भरणाऱ्या माणसाला निःपक्ष तपासणी परवडणार नाही, असं सरकारनं तरी म्हणू नये.

एकट्यानं काउंटरवर उभं राहून काही होत नाही, हेही मी ह्यातून शिकलो. मोबाईलच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटण्याचा दोष देशभर गाजला, शहरातल्या हजारो लोकांनी फोटो टाकले, तेव्हा २०२३ मध्ये वनप्लसनं काही मॉडेलांचे पडदे फुकट बदलून देण्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी सॅमसंगनंही काही मॉडेलांना ती सवलत दिली. त्याआधी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, आपल्याच राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते. फोन तापायचे, अडकायचे, रॅम अपुरी होती, ॲप चालत नव्हतं, आणि दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच तुटपुंज्या मानधनातून जात होता. त्या बायांनी पिशव्यांतून फोन आणून कार्यालयांत ठेवून दिले. कुणा एकीला “तू नीट वापरला नाहीस” असं म्हणायची सोयच राहिली नाही.

जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद कायद्यातच आहे, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. कुठल्या कंपनीच्या किती फोनना वर्षभरात ‘लिक्विड डॅमेज’ म्हणून नाकारलं, एवढा एक आकडा जरी तिनं प्रत्येक सेंटरकडून मागवून तहसीलच्या फळ्यावर लावला, तर माझ्यासारख्याचा लेख लिहायचा त्रास वाचेल. २४ डिसेंबरचा ग्राहक दिन तहसील कचेरीत होतो. त्या दिवशी हा आकडा वाचून दाखवायला हरकत नाही.

दुसरा फोन घ्यायला मी काकाजींबरोबर गेलो होतो. पक्कं बिल घेतलं, त्यावरचा आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, डब्याशी आणि फोनशी जुळवला. मग दुकानदाराला म्हटलं, सिमचा ट्रे काढून दाखव. तो थोडा बिचकला, पण काढला. आत ठिपका पांढरा होता. त्याचा फोटो घेतला, तारखेसह, दुकानाची पाटी मागे दिसेल असा. दुकानदार म्हणाला, “भाऊ, असं आजवर कोणीच केलं नाही.” बिल काकाजींनी पेटीत ठेवलं, सरकीच्या टॅगांच्या गठ्ठ्यात.

आता ऊन तापायला लागलं आहे. काकाजी दुपारी वावरात असले की फोन कोरड्या दुपट्ट्यात गुंडाळून निंबाच्या सावलीत ठेवतात, पाण्याच्या घागरीपासून चार हात लांब. परवा त्यांनी सुनेकडून पिन मागून घेतली, ट्रे काढला, खाचेत पाहिलं, ट्रे परत बसवला आणि मला फोन केला.

“अजून पांढराच हाय,” म्हणाले.